प्राश्निक आणि प्रेक्षक : विद्यापीठीय प्रयोगमालेच्या प्रयोजनाचा विचार

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीची चर्चा करताना भरताने प्रेक्षक आणि प्राश्निक यांचा वेगवेगळा विचार केला आहे. पात्राच्या आनंदाने आनंदणारा, त्याच्या शोकाने व्याकूळ होणारा, प्रयोगाशी अंतःकरणाने एकरूप होणारा तो प्रेक्षक. प्राश्निकाचे काम याहून निराळे आहे. दोन नटसमूहांत श्रेष्ठत्वाविषयी संघर्ष निर्माण झाला, तर निवाडा करण्यासाठी त्याला पाचारण करायचे. यज्ञकर्म जाणणारा, नर्तक, छंदःशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्विद्येचा जाणकार, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक अशी प्राश्निकांची यादी भरत देतो आणि प्रत्येकाने आपापल्या विषयापुरतेच बोलावे, अशी मर्यादाही घालतो. विजयी समूहाला पताका देण्याची तरतूद तेथे आहे. स्पर्धा भरताला वर्ज्य नव्हती हे यावरून उघड आहे. मात्र संघर्ष उद्भवला तर प्राश्निक, एरवी प्रयोग प्रेक्षकासाठी, हा क्रम त्याच्या विवेचनात कोठेही सुटत नाही.

महाराष्ट्रातील विद्यापीठांचा प्रयोगकलांशी जो संबंध स्वातंत्र्योत्तर काळात घडत गेला, त्यात हा क्रम उलटा झाला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. प्राश्निकाची संस्था आपल्या विद्यापीठांनी मजबूत उभारली. प्रेक्षकाची संस्था उभारण्याचे काम मात्र बहुतांशी राहून गेले. या अनुपस्थित संस्थेला येथे ‘प्रयोगमाला’ असे म्हटले आहे. वर्षभर ठरावीक अंतराने होणारे, बक्षीस नसलेले, त्याच त्या प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा एकत्र आणणारे आणि पाहिलेल्या प्रयोगाविषयी बोलायला लावणारे प्रयोगसत्र, एवढाच या शब्दाचा अर्थ. हा विचार पुण्यामुंबईच्या नाट्यगृहात बसून करण्यापेक्षा विद्यापीठाच्या परिघावरील एखाद्या गावातून केला, तर अधिक स्पष्ट होतो. म्हणून नाशिक जिल्ह्यातील ओझर हे गाव येथे आधाराला घेतले आहे.

१

प्रयोगकला विद्यापीठात आल्या त्या मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट विद्यालयाची. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ही परंपरा त्याच्या अंगभूत झाली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते संस्थानिकाच्या आश्रयावर न विसंबता, लोकांच्या पाठबळावर. गाणे शिकवण्यासाठी अभ्यासक्रम हवा आणि ऐकवण्यासाठी संस्थानी दरबाराबाहेरचा श्रोता हवा, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र ओळखल्या होत्या. उत्तरायुष्यात त्यांनी नाशिकला पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला, ही बाब नाशिक परिसराच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. विष्णु दिगंबरांच्या कार्याचा पहिला भाग, म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी, विद्यापीठीय व्यवस्थेने सहज स्वीकारला. श्रोता घडवण्याचा दुसरा भाग संगीत मंडळांकडे आणि खाजगी महोत्सवांकडे गेला.

दुसरी वाट वाङ्मयाची. मराठी विभागात नाटक आले ते साहित्यप्रकार म्हणून. कथानक, स्वभावचित्रण, संवाद, संघर्ष या शीर्षकांखाली नाटक वाचण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या रुजली. ‘नटसम्राट’ हे १९७० साली रंगभूमीवर आलेले नाटक वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ते पाहिलेले असावे, अशी अपेक्षा अभ्यासक्रमाने केली नाही. या नाटकाचे कर्ते वि. वा. शिरवाडकर हे नाशिकच्या हंप्राठा महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्याच महाविद्यालयात वसंत कानेटकर अध्यापन करीत आणि १९५७ साली त्यांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगभूमीवर आणले. महाविद्यालयाच्या भिंतीआड नाटककार वावरत होते. प्रयोग मात्र भिंतीबाहेर, हौशी आणि व्यावसायिक संस्थांच्या हाती होता. नाटक ही संहिता की प्रयोग, हा आपल्या समीक्षेतील जुना वाद आहे. विद्यापीठांनी तो सिद्धान्ताच्या पातळीवर प्रयोगाच्या बाजूने आणि व्यवहारात संहितेच्या बाजूने सोडवला.

२

वर्गाबाहेर विद्यापीठाने प्रयोगाला जागा दिली ती युवक महोत्सवात. १९५४ साली दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. मुंबई राज्याची नाट्यस्पर्धाही त्याच वर्षीची, हे साम्य अर्थपूर्ण आहे. नवस्वतंत्र राष्ट्राला आपल्या विविध कला एका मंचावर पाहायच्या होत्या आणि त्यासाठी स्पर्धा हे सर्वांत सोपे संघटनतत्त्व होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून भारतीय विद्यापीठ संघाने या महोत्सवांना नियमित रूप दिले. संगीत, नृत्य, वाङ्मय, नाट्य आणि ललित कला असे पाच गट झाले आणि प्रत्येक प्रकाराला नियमावली मिळाली. महाराष्ट्रात २००३ पासून कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने ‘इंद्रधनुष्य’ हा राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सव होऊ लागला.

या व्यवस्थेचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. ज्या महाविद्यालयात रंगमंच नाही, तालमीला खोली नाही, तेथील विद्यार्थ्याला जिल्ह्याबाहेर नेऊन प्रकाशात उभे करण्याचे काम महोत्सवानेच केले. विद्यापीठाच्या कक्षेबाहेरील स्पर्धांचे योगदान तर याहून मोठे आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून चालवलेल्या पुरुषोत्तम करंडकाने पुण्यातील महाविद्यालयीन रंगभूमीला वार्षिक लय दिली. मराठी रंगभूमीवरील कित्येक लेखक, दिग्दर्शक आणि नट या एकांकिका स्पर्धांतून पुढे आले.

प्रश्न उरतो तो स्पर्धेने घडवलेल्या रूपाचा. महोत्सवाच्या नियमावलीत एकांकिकेला तीस मिनिटे, प्रहसनाला दहा आणि मूकनाट्याला पाच मिनिटे मिळतात. कालमर्यादा ही स्वतः दोष नव्हे. प्रत्येक कलाप्रकाराला आपली मर्यादा असतेच. मात्र ती आतून आलेली नसली की आविष्कार तिच्याभोवती आकसतो. मोजक्या मिनिटांत राग मांडणारा विद्यार्थी आलापाला कात्री लावून तानेकडे धावतो, कारण तान परीक्षकाच्या कानावर लवकर आदळते. एकांकिकेत शेवटच्या दोन मिनिटांतील कलाटणी हा जणू नियम होऊन बसतो. शिवाय ज्याने गाडीभाडे काढून, रात्र जागून संघ आणला, तो आपला प्रयोग संपल्यावर प्रतिस्पर्धी म्हणूनच इतरांचे प्रयोग पाहतो. सभागृह भरलेले असते आणि त्यात प्रेक्षक थोडे असतात.

२०२२ साली पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कोणालाच न देण्याचा निर्णय घेतला. या स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडले आणि त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. निर्णय योग्य की अन्याय्य, हा येथे मुद्दा नाही. चर्चेचा रोख मात्र सूचक होता : करंडक द्यायला हवा होता की नव्हता, यावर भरपूर बोलले गेले, त्या वर्षी सादर झालेल्या एकांकिकांत काय होते, त्या कशामुळे कमी पडल्या किंवा पडल्या नाहीत, यावर तुलनेने फारच थोडे. निर्णय प्राश्निकांनी दिला होता, आणि त्याची तपासणी करू शकेल असा, ते प्रयोग पाहून त्यांविषयी तपशिलात बोलणारा समुदाय आपल्यापाशी पुरेसा नव्हता. प्रेक्षकाशिवाय प्राश्निकाला अधिकार तर मिळतो, पण त्या अधिकाराला आधार मिळत नाही.

३

स्पर्धेला पर्याय शोधण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत असे नव्हे. अशोक दा. रानडे १९६८ ते १९८३ या काळात मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते. सप्रयोग व्याख्यान हा प्रकार त्यांनी केवळ अध्यापनाची युक्ती म्हणून वापरला नाही. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटींत संगीताचा विचार करणाऱ्या या अभ्यासकाला प्रत्येक कोटीचा श्रोता वेगळा असतो याचे भान होते. पुढे विद्यापीठाबाहेर त्यांनी ‘बैठकीची लावणी’ किंवा ‘देवगाणी’ यांसारखे जे सूत्रबद्ध कार्यक्रम केले, त्यांत गाणे आणि गाण्याविषयीचे बोलणे एकमेकांना अडथळा न आणता चालत. ऐकणाऱ्याला आनंदाबरोबर निकष मिळत होता. विद्यापीठीय प्रयोगमालेचे इतके नेमके प्रारूप मराठीत दुसरे सापडणे कठीण. ते एका व्यक्तीच्या व्यासंगाशी बांधलेले राहिले आणि विद्यापीठांची कार्यपद्धती झाले नाही, ही त्यातील खंत.

पुणे विद्यापीठाने १९८७ साली ललित कला केंद्र स्थापन केले. संगीत, नृत्य आणि नाट्य या तिन्ही शाखांत पदवीचे शिक्षण देताना या केंद्राने ‘गुरुकुल’ हा शब्द आपल्या नावात ठेवला. परंपरेने चालत आलेली गुरुशिष्य पद्धती आणि विद्यापीठीय परीक्षा यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता. कथक नृत्याच्या बाजूने रोहिणी भाटे यांच्यासारख्या कलावतीचा त्यात सहभाग होता. १९९६ ते २००९ या काळात केंद्राची धुरा सतीश आळेकर यांच्याकडे होती. आळेकरांची वाटचाल या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. १९७२ साली प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणले आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी ते थांबवले. त्यातून बाहेर पडलेल्या तरुणांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभे केले. आळेकर त्या तरुणांपैकी एक. प्रयोग थांबवणारी संस्था आणि प्रयोग चालू ठेवणारी संस्था यांतील फरक ज्याने तारुण्यात अनुभवला, तो पुढे विद्यापीठात प्रयोगाचे शिक्षण देऊ लागला. विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थी नाटक बसवतात, चुकतात आणि पुन्हा बसवतात, याला शैक्षणिक प्रतिष्ठा मिळवून देण्यात या केंद्राचा वाटा मोठा आहे. मुंबई विद्यापीठातही २००३ साली वामन केंद्रे यांच्या नेतृत्वाखाली नाट्यकला अकादमी आणि त्याच दशकात लोककला अकादमी सुरू झाली.

या सर्व संस्था घडवतात तो कलावंत. त्याला पाहणारा कोण घडवतो, हा प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि त्याची किंमत कधी तरी मोजावी लागते. २ फेब्रुवारी २०२४ रोजी ललित कला केंद्राच्या आवारात ‘जब वी मेट’ हे विद्यार्थ्यांचे नाटक चालू असताना एका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडले. रामलीलेत कामे करणाऱ्या नटांचे पडद्यामागचे वर्तन हा त्याचा विनोदी विषय होता. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी अशा सहा जणांना अटक झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला. नाटक चांगले होते की सुमार, हे ठरायला ते पूर्ण होणे आवश्यक होते. सुमार प्रयोगाचे उत्तर सुमार म्हणण्यात असते, आणि तसे म्हणण्याची जागा प्रयोगानंतरच्या चर्चेत असते. नट आणि त्याने धारण केलेले पात्र यांतील अंतर ही नाट्यकलेची पहिली अट आहे. ती अट ज्याला परिचयाची नाही, त्याला विद्यार्थ्याचा प्रयोग गुन्हा वाटू शकतो. कायद्याचा आणि राजकारणाचा भाग बाजूला ठेवला, तरी प्रेक्षकाच्या शिक्षणाचा भाग उरतोच, आणि तो विद्यापीठाच्या कक्षेतील आहे. प्रेक्षक घडवल्याने असे हल्ले थांबतील असा भाबडा दावा येथे नाही. तथापि आवाराबाहेर प्रयोगाचे कोणी साक्षीदारच नसतील, तर विद्यापीठ एकटे पडते.

४

आता ओझरकडे वळू. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेले हे गाव दुहेरी आहे. एक जुने ओझर, बाणगंगेकाठचे, चंपाषष्ठीला खंडेरायाची यात्रा भरवणारे, बारागाड्या ओढणारे, जागरण घालणारे. दुसरे १९६४ मध्ये आलेल्या विमान कारखान्याभोवती वसलेले. मिग विमानांच्या नावावरून त्याला लोक आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. या दुसऱ्या ओझरात देशाच्या नाना भागांतून कामगार आणि अभियंते आले आणि त्यांच्यातील हौशी रंगकर्मी राज्य नाट्यस्पर्धेत नाशिक केंद्रावर नाटके करीत आले. म्हणजे रात्रभर चालणारा विधिनाट्याचा प्रकार आणि कारखान्याच्या पाळ्या सांभाळून केलेले हौशी नाटक, या दोन जिवंत प्रयोगपरंपरा एका गावात शेजारी आहेत. विद्यापीठ येथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, पुण्याला. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ते भेटते परीक्षेच्या वेळापत्रकातून आणि युवक महोत्सवाच्या परिपत्रकातून.

व्याख्यान मात्र विद्यापीठाने फार पूर्वी आवाराबाहेर नेले. बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे चालणारी व्याख्यानमाला पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाने गावोगावच्या महाविद्यालयांत जाते. महाराष्ट्राच्या प्रबोधनपरंपरेत व्याख्यानमालेला जे स्थान आहे, त्याला हे साजेसेच आहे. मालेचे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही : ठरलेले दिवस, तोच श्रोता, निरनिराळे विषय, बक्षीस नाही. प्रश्न इतकाच की शब्दासाठी जे आपण शतकभर केले, ते प्रयोगासाठी का केले नाही? व्याख्यान हे ज्ञान आणि प्रयोग हे मनोरंजन, ही विभागणी या मौनामागे असावी. त्यामुळे विद्यापीठात नृत्य ‘सांस्कृतिक कार्यक्रमा’त गेले आणि नृत्याविषयीचे भाषण ‘शैक्षणिक उपक्रमा’त.

अन्यत्र ही विभागणी इतकी पक्की नव्हती. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाशी जोडलेली संगीत संस्था १८८० ची. हॅन्डेलचे ‘मसाया’ एकत्र गाण्यासाठी जमलेले प्राध्यापक, विद्यार्थी आणि गावकरी हे तिचे मूळ. गाव आणि विद्यापीठ यांनी मिळून ऐकण्याची सवय लावून घेतली आणि त्यातून संगीतसभांची अखंड मालिका उभी राहिली. बर्कलीला १९०६ साली भूकंपानंतरच्या दिवसांत सारा बर्नहार्ट हिने विद्यापीठाच्या खुल्या रंगमंचावर रासीनचे ‘फेद्र’ सादर केले. आपल्याकडे १९७७ साली दिल्लीच्या आयआयटीत किरण सेठ यांनी सुरू केलेली स्पिक मॅके ही चळवळ याच दिशेची आहे : स्पर्धा नाही, कलावंत स्वतः विद्यार्थ्यांसमोर बसतो आणि समजावतो. तिचे काम मोठे आहे. मात्र ती स्वयंसेवी चळवळ आहे, आणि तिचा मुख्य भर अभिजात कलांवर राहिला आहे. विद्यापीठ तिला सभागृह देते. स्वतःचे उत्तरदायित्व मानत नाही.

अभिजात कला गावात नेणे एवढेच प्रयोगमालेचे प्रयोजन मानले, तर ओझरवर आणखी एक उपकार होईल आणि बाकी काही बदलणार नाही. उलट दिशेचा प्रवासही मालेत हवा. जागरणाचे उदाहरण घेऊ. महोत्सवाच्या मंचावर वाघ्या-मुरळी येतात ते काही मिनिटांचे लोकनृत्य म्हणून : हळदीचा रंग, घाटीचा नाद, वेगवान गिरक्या. रात्रभराच्या विधीतून कथन गेले, देवतेचे आवाहन गेले, यजमान कुटुंब गेले. याहून गंभीर असे आणखी एक गळाले. मुरळी म्हणून मुली देवाला सोडण्याच्या प्रथेविरुद्ध शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चळवळ केली. पुढे १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. रा. चिं. ढेरे यांनी १९६१ साली ‘खंडोबा’ या ग्रंथातून या देवतेच्या उपासनेचा सांस्कृतिक इतिहास मांडला. गिरक्यांना टाळी देणाऱ्या सभागृहाला यांतील काहीच ठाऊक नसते आणि परीक्षकाच्या गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नसतो. स्पर्धेत कला शुद्ध आनंद म्हणून येते, किंवा अस्मिता म्हणून. तिच्यातील सौंदर्य आणि तिच्यातील अन्याय एकाच वेळी डोळ्यांसमोर धरण्याची सवय केवळ टाळीने लागत नाही. ती लावणे हे विद्यापीठाचे काम आहे. ते यात्रेचे नाही आणि व्यावसायिक रंगभूमीचेही नाही.

म्हणून विद्यापीठीय प्रयोगमालेची कल्पना काही अटींसह मांडावी लागेल. एक, प्रयोग पूर्ण लांबीचा असावा, त्या कलेच्या स्वतःच्या काळात. दोन, कलावंताला योग्य मानधन असावे. लोककलावंत आहे म्हणून प्रमाणपत्रावर बोळवण नसावी. तीन, प्रत्येक प्रयोगाला एक बोलणारा असावा, जो आधी थोडे आणि नंतर अधिक बोलेल आणि प्रेक्षकाला बोलू देईल. चार, एकाच गावात माला वर्षानुवर्षे चालावी. पाहण्याची स्मृती साठली तरच तुलना शक्य होते. पाच, विद्यार्थ्याने पाहिलेल्या प्रयोगावर लिहावे आणि ते लेखन मराठीच्या अभ्यासात धरले जावे. पाचवी अट समीक्षेच्या हिताची आहे. नाट्यसमीक्षेचे लेखन आपल्याकडे वर्तमानपत्री परीक्षणात अडकले आणि ते सदरही आक्रसत गेले, अशी तक्रार आपण करतो. समीक्षक हा जास्त पाहिलेला आणि लिहायला शिकलेला प्रेक्षक असतो. प्रेक्षकच नसेल तर समीक्षक कोठून यायचा?

यावर एक आक्षेप संभवतो. आज जगातील कोणताही प्रयोग भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उपलब्ध असताना ओझरच्या सभागृहात शंभर माणसे जमवण्याचा खटाटोप कशाला? पडद्यावर पाहणारा एकटा असतो. कंटाळा आला की तो पुढे सरकतो. सभागृहातील माणसाला शेजाऱ्याचे हसू ऐकावे लागते, न आवडलेल्या प्रवेशातही बसून राहावे लागते आणि नंतर आपले मत दुसऱ्याच्या मतासमोर ठेवावे लागते. हे बसून राहणे आणि मत मांडणे नागरिकत्वाचेही शिक्षण आहे. २०२४ च्या प्रसंगानंतर ही गोष्ट केवळ सौंदर्यशास्त्राची राहिलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. विद्यापीठाने हात घातला की परिपत्रक येते, समिती येते, अनुदानाचे हिशेब येतात आणि प्रयोगातील धोका पत्करण्याची वृत्ती संपते. ही भीती खोटी नाही. जयकर व्याख्यानमालेसारख्या उपक्रमातही वक्त्यांची यादी आणि उपस्थितीचा अहवाल हेच उद्दिष्ट होऊन बसण्याचा धोका असतोच. त्यावर उपाय इतकाच दिसतो की निवड स्थानिकांकडे असावी : महाविद्यालयातील मराठीचा शिक्षक, कारखान्यातील हौशी दिग्दर्शक, जागरण घालणारा वाघ्या, शाळेतील संगीतशिक्षिका. विद्यापीठाने पैसा, अभ्यासक आणि संरक्षण द्यावे. यांपैकी संरक्षण हा शब्द येथे हेतुपूर्वक वापरला आहे. एखादा प्रयोग कोणाला खुपला, तर त्यासाठी गावातील चार माणसांनी एकट्याने पोलीस ठाण्याची पायरी चढू नये, एवढी हमी देण्याइतके विद्यापीठ मोठे असते. निदान असायला हवे.

भरताच्या यादीतील दहा प्राश्निक एकमेकांपासून फार दूरचे आहेत. वैयाकरण आणि गणिका, राजा आणि चित्रकार एका रंगमंडपात बसतात आणि प्रत्येक जण आपल्या जाणकारीपुरते बोलतो. अशी भिन्न माणसे निवाड्यापुरती एकत्र येतात, तेव्हा ती प्राश्निक असतात. तीच निवाड्याची घाई नसताना वारंवार एकत्र येऊ लागली, तर त्यांतून प्रेक्षकवर्ग घडतो. कारखान्याचा फिटर, द्राक्षबागायतदार, महाविद्यालयातील मुलगी आणि जागरणाचा वाघ्या यांना एका मंडपात वर्षातून सहा वेळा बसवणे हे विद्यापीठाला अशक्य नाही. पताका वाटण्याची व्यवस्था त्याने सत्तर वर्षांत उत्तम बसवली आहे. मंडप अजून घालायचा आहे.